क्रँकबेटची काठी : वेळू, काच आणि कार्बन

गळाच्या काठीचा इतिहास लिहिताना लाकूड, वेळू, पोलाद, काचतंतू आणि शेवटी कार्बनतंतू असा चढता क्रम मांडण्याची प्रथा आहे, आणि प्रत्येक नवे द्रव्य आधीच्याहून हलके व ताठ असल्यामुळे अधिक चांगले, हे त्या मांडणीत गृहीत धरलेले असते. अमेरिकेत बास मासा धरण्यासाठी क्रँकबेट नावाचे जे आमिष वापरतात, त्याच्या काठीचा इतिहास मात्र या क्रमात बसत नाही. कारण कार्बनतंतूची काठी बाजारात रूढ झाल्यावर आणि ती सहज मिळत असतानाही या विद्येतील जाणत्या लोकांनी क्रँकबेटपुरती ती बाजूला ठेवली आणि काचतंतूची मऊ काठी पुन्हा हाती घेतली. तसे का घडले हे समजून घ्यायचे तर माशाचा स्वभाव, आमिषाची घडण आणि काठीचे द्रव्य या तिन्हींकडे एकत्र पाहावे लागते.

बास या नावाने येथे अभिप्रेत असलेला मासा म्हणजे उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील तळ्यांत व संथ नद्यांत मूळचा आढळणारा, मायक्रोप्टेरस या प्रजातीतील गोड्या पाण्याचा मासा होय. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद याने १८०२ साली या प्रजातीला हे नाव दिले. त्यातील मोठ्या तोंडाचा बास हा दबा धरून शिकार करणारा आहे. बुडालेली खोडे, पाणवनस्पती किंवा खडक यांच्या आडोशाला तो थांबतो आणि भक्ष्य जवळून जाताच जबडा एकदम उघडून पाण्याच्या लोंढ्यासकट त्याला आत ओढून घेतो. चावण्याऐवजी ओढून घेण्याची ही सवय पुढे काठीच्या निवडीत निर्णायक ठरली, म्हणून ती आरंभीच ध्यानात ठेवणे इष्ट आहे.

या माशासाठी स्वतंत्र साधने घडवण्याची सुरुवात केंटकी राज्यात झाली. तेथील पॅरिस या गावचा घड्याळजी जॉर्ज स्नायडर याने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत दातेरी चाकांचे रीळ तयार केले, ज्याचा दांडा एकदा फिरवला की दोर गुंडाळणारी फिरकी अनेकदा फिरत असे. पुढे फ्रँकफर्ट येथील मीक बंधूंनी या रिळाला इतके नेटके रूप दिले की केंटकी रीळ हे नाव देशभर प्रतिष्ठेचे झाले. काठीची प्रगती त्या मानाने मंद होती. डॉ. जेम्स हेन्शल यांचा ब्लॅक बासवरील ग्रंथ १८८१ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांनी पुरस्कारलेली सुमारे सव्वाआठ फुटांची हलकी काठी ही नवी सुधारणा मानली गेली. त्यानंतर थोड्याच वर्षांत शिकागोच्या परिसरात सुमारे सहा फुटांची आखूड काठी प्रचारात आली आणि डोक्यावरून आमिष फेकण्याची पद्धत रुजली. मिशिगनमधील डोवाजिॲक गावी मधमाश्या पाळणारे जेम्स हेडन यांनी लाकूड कोरून केलेली आमिषे विसाव्या शतकाच्या आरंभी विकायला काढली. जिवंत बेडकाऐवजी लाकडाचे वजनदार आमिष फेकायचे, तर आखूड व दणकट काठी सोयीची पडत असे, आणि या दोन गोष्टींची जी सांगड तेव्हा बसली ती जवळजवळ पाऊण शतक टिकली.

या सर्व काळात काठीचे सर्वात मानाचे द्रव्य वेळू हेच होते, आणि त्याच्या इतिहासाचा एक धागा थेट हिंदुस्थानात येऊन पोचतो. पेनसिल्व्हेनियातील ईस्टन गावचे बंदूक कारागीर सॅम्युएल फिलिप यांनी १८४०च्या दशकात वेळू उभा चिरून त्याच्या कांबी पुन्हा एकमेकींना चिकटवण्याचे तंत्र अमेरिकेत रुजवले. पुढे मेन राज्यातील हायरम लिओनार्ड यांनी सहा त्रिकोणी कांबींची काठी मोठ्या प्रमाणावर घडवली. वेळूची ताकद त्याच्या सालीलगतच्या दाट तंतूंत असते. पोकळ गाभा व मऊ आतला भाग काढून टाकून केवळ बाहेरचे कठीण कवच एकत्र जोडले, की भरीव, सारखी वाकणारी आणि शेंड्याकडे निमुळती होत जाणारी काठी मिळते. हा वेळू आरंभी कोलकात्याच्या बंदरातून जात असे, म्हणून अमेरिकी कारागीर त्याला कलकत्ता केन म्हणत, आणि त्यावरील भाजल्याचे काळे डाग ही त्याची ओळखीची खूण असे. बंगालच्या बंदरातून गेलेला वेळू अमेरिकेतील नद्यांवर पोचला, ही गोष्ट व्यापाराच्या इतिहासातही नोंदली जायला हवी. विसाव्या शतकाच्या आरंभापासून मात्र दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतात वाढणाऱ्या, अधिक सरळ व दाट तंतूंच्या टोंकिन वेळूने त्याची जागा घेतली. या वेळूचे शास्त्रीय वर्णन फ्लॉइड मॅक्ल्यूर या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३१ साली केले, म्हणजे काठ्यांसाठी तो जगभर वापरला जाऊ लागल्यानंतर कित्येक वर्षांनी.

पोलादाच्या काठ्यांचा काळ थोडक्यात आटोपता येतो. कनेक्टिकटमधील ब्रिस्टल येथील एव्हरेट हॉर्टन यांनी १८८७ साली एकात एक सरकणाऱ्या पोलादी नळ्यांच्या काठीचे पेटंट घेतले, आणि पुढची अर्धी शताब्दी सामान्य माणसाला परवडणारी काठी म्हणून पोलाद खपले. ती काठी मजबूत होती, परंतु जड होती व गंजत असे.

दुसऱ्या महायुद्धाने हे चित्र पालटले. ओहायोतील टोलीडो येथे प्लॅस्टिकच्या उद्योगात काम करणारे रसायनशास्त्रज्ञ आर्थर हॉवल्ड यांच्या वेळूच्या काठीचा शेंडा युद्धकाळात मोडला, आणि नवा वेळू मिळणे कठीण असल्यामुळे त्यांनी काचेचे बारीक तंतू राळेत भिजवून, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात बुडवून, त्यांचा शेंडा तयार केला. या तंत्रात हलक्या बाल्सा लाकडाच्या गाभ्याभोवती तंतू उभे लावले जात, आणि त्यावरून मिशिगनमधील कॅलमझू येथील शेक्सपिअर कंपनीने युद्धानंतर लगेच वंडररॉड या नावाच्या काठ्या बाजारात आणल्या. कॅलिफोर्नियातील कारखान्यांनी दुसरी वाट धरली. निमुळत्या पोलादी साच्यावर काचतंतूचे कापड गुंडाळून, भट्टीत भाजून व साचा ओढून काढून त्यांनी पोकळ नळीची काठी केली, आणि पुढे हीच पद्धत सर्वत्र रूढ झाली. डिसेंबर १९५०मध्ये कोरियन युद्धामुळे अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला, तेव्हा टोंकिन वेळूचा पुरवठाच आटला. वेळूच्या काठीचा बाजार काचतंतूच्या गुणांमुळे जितका गेला, तितकाच तो या बंदीमुळेही गेला, आणि वेळूविषयीचे हळवे लेखन करणाऱ्यांनी या राजकीय कारणाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

याच सुमारास मासेमारीची जागाही बदलत होती. टेनेसी खोऱ्याच्या विकासासाठी १९३३ साली स्थापन झालेल्या प्राधिकरणाने १९३६ साली नॉरिस धरण पुरे केले, आणि त्यानंतर दक्षिणेकडील राज्यांत धरणांमागे प्रचंड जलाशय पसरले, ज्यांत बुडालेली जंगले, जुने रस्ते व नद्यांचे मूळ काठ खोल पाण्याखाली राहिले. बासला हे घर मानवले; परंतु पूर्वी काठालगत आढळणारा मासा आता दहा, पंधरा, वीस फूट खोलीवर राहू लागला, आणि तिथपर्यंत आमिष पोचवायचे कसे हा प्रश्न उभा राहिला. क्रँकबेट हे त्याचेच एक उत्तर होते. लाकडाचे किंवा प्लॅस्टिकचे, माशाच्या आकाराचे, बहुधा तरंगणारे हे आमिष असते व त्याच्या तोंडाशी एक तिरपे पाते बसवलेले असते. रिळाचा दांडा सतत फिरवत राहिले की पाण्याचा दाब पात्यावर पडून आमिष खाली बुडी मारते आणि दोन्ही बाजूंना थरथरत पुढे सरकते. टेक्सासमधील गेन्सव्हिल येथे १९४०च्या दशकात निघालेले बॉम्बर हे या कुळातील जुने आमिष होय. खरी लाट उसळली ती टेनेसीतील फ्रेड यंग यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस बाल्सा लाकडातून हाताने कोरलेल्या बिग ओ या गुबगुबीत आमिषामुळे; ते इतके दुर्मिळ व यशस्वी ठरले की स्पर्धांच्या वेळी ते भाड्याने दिले जाई, आणि आर्कान्सामधील हॉट स्प्रिंग्ज येथील कॉटन कॉर्डेल यांनी प्लॅस्टिकमध्ये त्याची आवृत्ती काढल्यावर ती लाखोंच्या संख्येने खपली.

या आमिषाला नेमकी कोणती काठी लागते, हा प्रश्न तोवर कोणी विचारला नव्हता, कारण हाती एकच काठी होती: सुमारे साडेपाच ते सहा फुटांची, पिस्तुलासारख्या मुठीची, काचतंतूची. रे स्कॉट या अलाबामातील विमा एजंटाने १९६७ साली आर्कान्सातील बीव्हर लेकवर स्पर्धा भरवली, त्यातून बास मासेमारांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, आणि १९७१पासून तिची क्लासिक ही वार्षिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. स्पर्धेमुळे प्रत्येक साधनाची काटेकोर परीक्षा होऊ लागली. १९७३ साली कॅलिफोर्नियातील फेनविक कंपनीने कार्बनतंतूची, म्हणजे बाजारात ग्रॅफाइट म्हणून ओळखली जाणारी काठी विक्रीला आणली. ब्रिटनमधील फार्नबरो येथील विमानविषयक संशोधन संस्थेत १९६०च्या दशकात विकसित झालेले हे द्रव्य विमानांच्या क्षेत्रातून मासेमारीत आले होते. वजन कमी, ताठपणा जास्त आणि तळावरील बारीकसा स्पर्शही हाताला जाणवेल इतकी संवेदनशीलता, हे गुण तळाशी सरपटवायच्या प्लॅस्टिकच्या गांडुळासाठी अपूर्व होते, आणि दहा वर्षांच्या आत काचतंतू हा जुनाट समजला जाऊ लागला.

क्रँकबेटच्या बाबतीत मात्र हेच गुण अडचणीचे ठरले. कार्बनतंतूचा ताठपणा काचतंतूच्या सुमारे तिप्पट असतो. नेहमीच्या काचतंतूचा प्रत्यास्थता गुणांक, म्हणजे ताणाला विरोध करण्याचे माप, सुमारे ७२ गिगापास्कल, तर सामान्य कार्बनतंतूचा सुमारे २३० गिगापास्कल भरतो. उलट तुटण्यापूर्वी तंतू किती लांबतो, या कसोटीवर काचतंतू पुढे आहे. तो मूळ लांबीच्या ४ टक्क्यांच्या आसपास ताणला जाऊ शकतो, तर सामान्य कार्बनतंतू २ टक्क्यांच्या आतच तुटतो. क्रँकबेट सतत वेगाने ओढले जात असते. बास तोंड उघडून ते आत ओढून घेऊ पाहतो, त्या क्षणी काठी ताठ असेल तर आमिष त्याच्या तोंडात पुरते शिरण्यापूर्वीच पुढे खेचले जाते, आणि धक्का जाणवताच हात हिसका देतो म्हणून ते सुटतेच. मऊ काठी त्या क्षणी मागे वाकते, माशाला आमिष घेऊन वळायला वेळ देते, आणि गळ आपोआप जबड्यात रुततो. शिवाय क्रँकबेटचे गळ तीन टोकांचे व बारीक तारेचे असतात, ते वरवर रुतलेले असले तर ताठ काठीच्या ओढीने फाटून निघतात; निम्म्या लांबीपर्यंत वाकणारी काठी मात्र माशाच्या उसळीचा धक्का स्वतःत सामावून घेते.

हे ज्ञान प्रयोगशाळेत लिहिले गेले नाही, ते स्पर्धांत सिद्ध झाले. १९८२ साली पॉल इलायस यांनी अलाबामा नदीवरची क्लासिक जिंकली ती गुडघ्यांवर बसून, काठीचा शेंडा पाण्यात खोल खुपसून क्रँकबेट आणखी खाली नेण्याच्या युक्तीने. त्यानंतर खोली हेच या विद्येचे मोजमाप झाले, आणि काठ्या आखूड न राहता ७ फुटांपलीकडे वाढल्या, कारण लांब फेकलेले आमिषच खोलीवर पोचायला पुरेसे अंतर मिळवते. चार वेळा क्लासिक जिंकणारे रिक क्लन सगळा बाजार कार्बनतंतूकडे धावत असताना क्रँकबेटसाठी काचतंतूचाच आग्रह धरत राहिले. नॉर्थ कॅरोलायनाचे डेव्हिड फ्रिट्स यांनी १९९३ साली अलाबामातील लोगन मार्टिन जलाशयावर क्रँकबेट वापरून क्लासिक जिंकली, आणि तेही याच मताचे होते. या दोघांच्या यशामुळे कारखान्यांना काचतंतूच्या काठ्या पुन्हा नव्याने घडवाव्या लागल्या, हा या इतिहासातील सर्वात लक्षणीय टप्पा होय.

त्यापुढचा काळ तडजोडीचा आहे. केवळ काचेची ७ ते ८ फुटांची काठी दिवसभर फेकताना मनगटाला जड वाटते, म्हणून काच व कार्बन यांचे थर एकत्र गुंडाळलेल्या मिश्र काठ्या निघाल्या, आणि कार्बनतंतूच मुद्दाम सावकाश वाकेल अशा रीतीने रचण्याचेही प्रयत्न झाले. काठी निवडताना आज दोन गोष्टी पाहतात: पॉवर, म्हणजे वाकवायला किती जोर लागतो, आणि ॲक्शन, म्हणजे ती शेंड्याशी वाकते की मध्यापर्यंत. क्रँकबेटसाठी पॉवर आमिषाच्या वजनाप्रमाणे बदलते, ॲक्शन मात्र मध्यम किंवा त्याहून मंद हवी, यावर जवळजवळ एकमत आहे. तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकपदरी दोर, थोडा ताणला जातो व काठीच्या मऊपणात भर घालतो. विणलेला दोर जवळजवळ ताणला जात नाही, तेव्हा तो वापरणाऱ्याला मऊ काठीची गरज आणखी अधिक असते.

वेळूच्या काठीवर ग्रंथ लिहिले गेले, कारागिरांच्या वंशावळी लावल्या गेल्या आणि संग्राहकांनी त्या काठ्या जपल्या. काचतंतूच्या काठीच्या वाट्याला हे फार थोडे आले. हा पक्षपात दूर व्हायला हवा. १९५० ते १९७० या दशकांतील कारखान्यांच्या काचतंतूच्या काठ्या अजून घरोघरच्या माळ्यांवर व जुन्या बाजारांत आढळतात, आणि त्यांवर मुठीजवळ लिहिलेली लांबी, आमिषाच्या वजनाची शिफारस व कारखान्याचे नाव ही या व्यवसायाची प्राथमिक कागदपत्रेच आहेत. ज्यांच्या हाती अशी काठी येईल त्यांनी तिचे लेखन पुसट होण्यापूर्वी नोंदवून ठेवावे आणि जमल्यास ती एखाद्या स्थानिक संग्रहालयाकडे सोपवावी.