मुळशीचे पाणी आणि कोकणचा किनारा

पुण्याहून कोकणात उतरण्यास वाटा अनेक आहेत. परंतु दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर येथील पुळणींची ओढ लागलेला पुणेकर आता बहुधा ताम्हिणीचीच वाट धरतो. पौड मागे पडते, मुळशी येते आणि डोंगरांच्या कुशीत दूरवर पसरलेले पाणी दिसू लागते. गाड्या थांबतात, भाजलेली कणसे हाती येतात, छायाचित्रे निघतात. जणू समुद्र गाठण्यापूर्वीच एक किनारा भेटला! हा किनारा निसर्गाने घडविलेला नाही, हे मात्र थोड्यांच्याच ध्यानात येते. त्याला अजून शंभर वर्षेही पुरी झालेली नाहीत.

या पाण्याची कुळकथा समजण्यासाठी प्रथम मुंबईच्या किनाऱ्याकडे वळले पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. दगडी कोळसा दुरून आणावा लागे. उलट सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाला तोटा नव्हता आणि पश्चिमेकडे सरळ कडे होते. माथ्यावर पाणी अडवावे, नळांतून कोकणात सोडावे आणि त्याच्या वेगावर चक्रे फिरवावीत, ही टाटांची योजना. खोपोलीचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. तिसरे भिऱ्याचे, त्यासाठी मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ मुळशी येथे धरण बांधावयाचे ठरले.

ज्या खोऱ्यात पाणी साठवावयाचे, ते ओसाड नव्हते. आंबेमोहोर भाताची ती खाचरे होती. योजनेच्या छायेत ५२ गावे आणि दहा हजारांवर माणसे येत होती. जमिनी घेण्यास १८९४ चा भूसंपादन कायदा हाताशी होताच. खाजगी कंपनीची वीज हे ‘सार्वजनिक काम’ ठरले आणि मावळ्याची पिढीजात शेती ही त्याची खाजगी अडचण ठरली.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे या सत्याग्रहाचे प्रमुख पुढारी. बापटांना ‘सेनापती’ हे नाव लाभले ते येथेच. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा दुमदुमली. गांधीजींनीही त्याच महिन्यात या प्रश्नावर लिहून टाटांना फेरविचाराची विनंती केली. काम काही काळ थांबले आणि पुन्हा सुरू झाले. अटका झाल्या, शिक्षा झाल्या.

परंतु पराभवाची सगळी कारणे सरकारदरबारी शोधणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. खोऱ्यातील पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती. कसणाऱ्याला जमीन हवी होती. सावकाराला जमिनीचा चांगला दाम मिळाला की पुरे होते. ‘जमीन देणार नाही’ आणि ‘भरपाई वाढवून द्या’ या दोन मागण्या एका तोंडाने फार काळ बोलता येत नाहीत. लढा आतूनच विरत गेला. १९२४ मध्ये बापटांनी आगगाडी अडवली आणि दीर्घ कारावास पत्करला; तोवर सामुदायिक सत्याग्रह जवळजवळ संपला होता. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याला जगातील पहिली धरणविरोधी चळवळ म्हटले आहे. १९२७ साली भिऱ्याची चक्रे फिरू लागली.

त्यानंतर या पाण्याची दिशाच पालटली. मूळची मुळा पूर्वेकडे वाहते. पुण्यास मुठेला मिळते, पुढे भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि अखेर बंगालच्या उपसागरात जाते. धरणात अडलेले पाणी मात्र बोगद्यातून व नळांतून दीड हजार फुटांहून खाली, पश्चिमेस, भिऱ्याला उतरते आणि वीज देऊन कुंडलिकेत जाते. कोलाडला उसळत्या पाण्यात नौका घालून मौज करणारे तरुण ज्या लाटांवर झुलतात, त्या वीजगृहाने सोडलेल्या पाण्याच्या असतात. तेथून रोह्यावरून ती नदी रेवदंड्याच्या खाडीत समुद्राला भेटते.

आणि तो किनारा तरी केवढा जुना! मुखाच्या एका अंगास कोर्लईचा किल्ला, दुसऱ्या अंगास पोर्तुगीजांच्या तटाने वेढलेले रेवदंडा आणि त्याला लागून चौल. रोमन व्यापाराच्या काळापासून चौल परदेशी व्यापाऱ्यांना ठाऊक होते. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन प्रवासी येथे उतरला. १५०८ साली या बंदरात पोर्तुगीजांचा आरमारी पराभव झाला. तरीही ते येथे पाय रोवून राहिले आणि १७४० साली हे ठाणे मराठ्यांकडे आले. रेवदंड्याच्या तटाखाली उभे राहून आपण हा सगळा इतिहास आठवतो. परंतु समोरच्या खाडीतील पाण्यात मुळशीचाही अंश मिसळलेला आहे, ही आठवण तेथे कुणाला होत नाही.

विजेचा लाभ खोटा होता, असे कोण म्हणेल? तिच्यावर गिरण्या चालल्या, हजारो कामगारांच्या चुली पेटल्या, मुंबईचे रस्ते उजळले. तेव्हा प्रश्न वीज हवी की नको हा नव्हे; तिची किंमत कुणी द्यावी आणि ती ठरविताना त्याला कुणी विचारावे, हा आहे. हे पाणी भीमेच्या खोऱ्यास परत मिळावे, अशी मागणी अलीकडे वारंवार होत आली आहे. तिचा निवाडा करतानाही हाच प्रश्न पुढे येईल.

किल्ल्याचा बुरूज ढासळला तरी दिसतो, म्हणून प्रवासी तेथे थबकतो. बुडालेल्या गावाला बुरूज नसतो. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे भेगाळलेल्या गाळात जुन्या वस्तीच्या खुणा वर येतात, आणि पहिल्या पावसात पुन्हा झाकल्या जातात. समुद्राकडे निघालेल्यांनी मुळशीच्या काठी अवश्य थांबावे, कणीस खावे, पाणी डोळे भरून पाहावे. पण या वाटेवरील प्रेक्षणीय स्थळांची यादी करताना त्या पाण्याखालच्या गावांनाही तीत जागा द्यावी.