शब्दाचा अर्थ शेजारच्या शब्दांत

शब्दाचा नेमका अर्थ अनेकदा कोशापेक्षा वाक्यातच उलगडतो. बीड जिल्ह्यातून दरवर्षी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात ऊसतोडणीस जाणाऱ्या कामगारांच्या व्यवहारातील दोन शब्द त्याची साक्ष देतात.

पहिला शब्द 'कोयता'. 'कोयत्याला धार लावली' येथे 'धार' हा शब्द अवजार सूचित करतो. मात्र 'टोळीत १० कोयते आहेत' या वाक्यात कोयता म्हणजे तोडणीस जुंपलेले पती-पत्नीचे जोडपे. टोळी माणसांची असते, हाच येथील संकेत. तो हुकल्यास वाचक २० मजुरांऐवजी १० मोजतो आणि प्रत्येक जोडीतील स्त्री हिशेबातून गळते. एकट्या मजुरास 'अर्धा कोयता' म्हणतात.

दुसरा शब्द 'उचल'. 'मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर फेडली' येथे 'फेडली' हे क्रियापद कर्ज दर्शविते. उचल म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम. 'शेतकऱ्यांनी कारखान्याकडे पहिली उचल मागितली' येथे ती ऊसदराचा पहिला हप्ता ठरते, म्हणजे हक्काचे येणे. 'साखरेची उचल मंदावली' येथे गोदामातून माल बाहेर जाणे अभिप्रेत असते.

म्हणूनच रिकाम्या जागी शब्द निवडताना क्रियापद, संख्या आणि देणारा-घेणारा कोण, हे प्रथम पाहावे. 'हंगामापूर्वी मुकादमाने ..... दिली, ती तोडणीच्या पैशांतून वळती झाली.' या वाक्यात 'मजुरी' बसत नाही. 'हंगामापूर्वी' आणि 'वळती झाली' हे शब्द 'उचल' हेच उत्तर सुचवितात.