डोंगरीचे १०१ दिवस

दिवाळीची साफसफाई निघाली की आमच्या घरी माळ्यावरची जुनी ट्रंक खाली येते आणि माझे काम तेथेच थांबते. यंदा हाती लागले आगरकरांचे ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे एकशे एक दिवस’. केरसुणी बाजूला राहिली आणि मी पुस्तक उघडून बसलो.

हकीकत आपल्या परिचयाची आहे. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, अशी ओरड तेव्हा महाराष्ट्रभर होती. या पत्रांनी संस्थानचे कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे यांच्यावर झोड उठवली आणि पुरावा म्हणून हाती आलेल्या पत्रांवर विश्वास ठेवला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद ठोकली. कोर्टात ती पत्रे बनावट ठरली!

खटला चालू असतानाच, १८८२ च्या मार्चमध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकर वयाच्या ३२व्या वर्षी गेले. जामिनाची पंचाईत पडली तेव्हा धावून आले कोण? विचाराने दूर असलेले जोतीराव फुले! त्यांनी आपले स्नेही रामशेठ उरवणे यांना १०,००० रुपयांच्या जामिनासाठी उभे केले.

टिळक-आगरकरांनी कोर्टात माफी मागितली. तरीही १७ जुलै १८८२ रोजी चार महिन्यांची साधी कैद झाली. दोघेही अवघ्या २६ वर्षांच्या आतबाहेरचे. टिळकांचा वाढदिवस तर सहाच दिवसांनी, तुरुंगात, आला. काही दिवसांची सूट मिळून २६ ऑक्टोबरला ते सुटले, तेव्हा दिवाळी दोन आठवड्यांवर आली होती. बाहेर स्वागताला लोकांची गर्दी लोटली होती.

सत्काराची ही गोष्ट आपण आवडीने सांगतो. माफीची मात्र सांगत नाही. मलाही लहानपणी कोणी सांगितली नव्हती. पण पुस्तक मिटताना वाटले, बर्व्यांच्या जागी आपण असतो तर? आपल्या नावावर खोटी पत्रे छापली गेली असती, तर आपणही कोर्टाची पायरी चढलोच असतो. पुढे २५ डिसेंबर १८८३ रोजी महाराजांचा अहमदनगरला दुर्दैवी अंत झाला. संपादकांच्या मनातली कळकळ पोकळ नव्हती, हे त्यावरून दिसते. पण कळकळ खरी असली म्हणून खोटा कागद खरा होत नाही.

१८८७ साली आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. मित्रांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

“मग ते हरले की जिंकले?” पणत्या पुसता पुसता नातीने विचारले.

“खटला हरले,” मी म्हणालो, “आणि चूक झाली हे कबूल करायला ते लाजले नाहीत.”

ट्रंक पुन्हा माळ्यावर गेली. पुस्तक मात्र मी खालीच ठेवले आहे. सुटीत ती वाचणार आहे.