पदवीस्तरावरील इतिहास-संशोधन : औरंगाबादच्या संदर्भात एक मागोवा

प्रस्तावना

'संशोधन' हा शब्द उच्चारला की महाविद्यालयीन क्षेत्रात सामान्यतः पीएच.डी.चाच विचार केला जातो. पदवीच्या विद्यार्थ्याने पाठ्यपुस्तक वाचावे, परीक्षा द्यावी आणि संशोधनाचे पुढे पाहावे, ही धारणा आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार चार वर्षांच्या पदवीत चौथे वर्ष संशोधनासह पूर्ण करण्याची सोय झाल्याने या धारणेचा फेरविचार करणे क्रमप्राप्त ठरते. प्रस्तुत लेखात हा विचार इतिहास या विषयापुरता व छत्रपती संभाजीनगर या शहरापुरता मर्यादित ठेवला आहे. जुन्या घटनांच्या संदर्भात 'औरंगाबाद' हे त्या काळचे नाव वापरले आहे.

अध्यापन आणि परीक्षा

१८१० मध्ये स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठाने अध्यापन व संशोधन यांची एकत्र सांगड घातली. भारतात मात्र १८५७ ची मुंबई, कलकत्ता व मद्रास ही विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभी राहिली. त्यांचे प्रमुख कार्य परीक्षा घेणे व पदवी देणे हे होते. पदवीचा विद्यार्थी मूळ साधनांपासून दूर राहिला, त्याचे एक कारण या रचनेत आहे.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबादला १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले व उर्दू हे तेथील शिक्षणाचे माध्यम ठरले. औरंगाबादला १९२३ मध्ये इंटरमिजिएट महाविद्यालय निघाले. पदवीसाठी विद्यार्थ्यास बाहेर जावे लागे. तथापि याच शहरात त्या काळी एक लक्षणीय काम चालू होते. मौलवी अब्दुल हक यांनी 'अंजुमन तरक्की-ए-उर्दू' या संस्थेचे कार्य औरंगाबादेतून चालविले, दखनीची जुनी हस्तलिखिते जमविली आणि १९२१ पासून 'उर्दू' हे त्रैमासिक येथूनच काढले. हेच अब्दुल हक येथील महाविद्यालयाचे प्राचार्यही होते. पदवीची सोय नसलेल्या गावात प्राचार्य स्वतः हस्तलिखितांचा शोध घेत होते, ही बाब आजच्या प्राध्यापकवर्गाने विचारात घेण्यासारखी आहे.

मिलिंद आणि त्यानंतर

१९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. पुढे त्यास 'मिलिंद महाविद्यालय' हे नाव मिळाले व परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्खू नागसेन त्यांची उत्तरे देतो. महाविद्यालयाला उत्तरे देणाऱ्याऐवजी प्रश्न विचारणाऱ्याचे नाव असावे, हे प्रस्तुत लेखकास फार अर्थपूर्ण वाटते. शिक्षणाची दारे पिढ्यान्‌पिढ्या बंद असलेल्या समाजातील मुले येथे प्रथमच पदवीच्या वर्गात बसली, हे ध्यानात घेतले म्हणजे या नावाचे मोल अधिक जाणवते.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. १९९४ मध्ये त्याचा नामविस्तार झाला. इतिहास विभाग, वस्तुसंग्रहालय, पैठण व दौलताबादवरील डॉ. रा. श्री. मोरवंचीकर यांचे ग्रंथ, यादवकाळावरील डॉ. ब्रह्मानंद देशपांडे यांचे लेखन यांमुळे प्रादेशिक इतिहासाचा पाया भक्कम झाला. परंतु हे सर्व कार्य पदव्युत्तर पातळीवरचे किंवा व्यक्तिगत अभ्यासाचे होते. संलग्न महाविद्यालयात बी.ए. करणाऱ्या मुलाच्या हाती मूळ कागद, नाणे वा शिलालेखाचा ठसा क्वचितच आला.

येथे एका विसंगतीकडे लक्ष वेधावेसे वाटते. मराठवाड्यातील पुष्कळशी इतिहाससाधने वाचली ती विद्यापीठाबाहेरच्या माणसांमुळे. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे हे व्यापारी होते. शेतात, पांढरीत सापडणाऱ्या वस्तू त्यांनी आयुष्यभर जमविल्या. आज तेरचे शासकीय संग्रहालय त्यांच्या नावाने उभे आहे. पैठणला बाळासाहेब पाटील यांनी व औरंगाबादेत डॉ. शांतिलाल पुरवार यांनी असेच संग्रह उभे केले. या मंडळींनी पदवीची वाट पाहिली नाही. मग पदवीच्या विद्यार्थ्याला 'तुला अजून अधिकार नाही' असे आपण कोणत्या आधारावर सांगतो?

प्रकल्प नावाची गोष्ट

पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला 'प्रकल्प' हा शब्द परिचित झाला तो पर्यावरणशास्त्रामुळे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने तयार केलेल्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्याला २५ गुण होते. हेतू उत्तम होता. प्रत्यक्षात झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळू लागले व मुखपृष्ठावरील नाव बदलून तेच प्रकल्प वर्षानुवर्षे सादर होत राहिले. याचा दोष केवळ विद्यार्थ्यांना देता येणार नाही. शंभर-दीडशे वह्या एका आठवड्यात तपासणाऱ्या अध्यापकाला त्या वाचणे शक्यच नव्हते.

२००६-०७ पासून राज्यपालांच्या, म्हणजेच कुलपतींच्या पुढाकाराने 'आविष्कार' हे आंतरविद्यापीठीय संशोधन संमेलन सुरू झाले आणि त्यात पदवीस्तराला स्वतंत्र स्थान मिळाले. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने पदवी-विद्यार्थ्यांसाठी संशोधनाची योजना १९६९ मध्येच आखली होती. त्या मानाने आपला प्रारंभ उशिराचा, पण स्वागतार्ह आहे. मात्र अशा स्पर्धांतील इतिहासाचे सादरीकरण पाहताना विषय मोठा व साधने तोकडी असा अनुभव वारंवार येतो. 'मराठवाड्यातील स्त्री-जीवन' अशा शीर्षकाखाली तीन पाठ्यपुस्तकांचा सारांश असतो. त्यापेक्षा एका गावातील एका शाळेची जुनी प्रवेश-नोंदवही घेऊन मुलींचे नाव प्रथम केव्हा दाखल झाले एवढेच शोधले, तरी ते खरे संशोधन ठरेल.

साधने दाराशी आहेत

विद्यार्थ्याला पेलतील असे विषय या शहरात शोधावे लागत नाहीत. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसविली व पुढे हर्सूलकडील पाणी भूमिगत मार्गाने शहरात आणले. ती नहर-ए-अंबरी म्हणून ओळखली जाते. रस्ते व घरे वाढत गेली तसे या जलव्यवस्थेचे अवशेष नाहीसे होत आहेत. १८८४ च्या औरंगाबाद जिल्हा गॅझेटियरमधील वर्णन हाती घेऊन उरलेले मनोरे कोठे आहेत, कोणत्या अवस्थेत आहेत, त्यांविषयी परिसरातील वृद्ध काय सांगतात, याची नोंद द्वितीय वर्षाचा विद्यार्थी करू शकतो. हातात मोबाईल असतोच. त्यावर स्थाननिश्चितीही होते. अशी नोंद आज झाली नाही, तर दहा वर्षांनी पीएच.डी.च्या विद्यार्थ्यालाही ती करता येणार नाही.

दुसरे उदाहरण अधिक निकडीचे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. निजामकालीन महसुली दप्तरे, जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळांच्या नोंदवह्या बाहेर निघाल्या. तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसेच अपुरी पडली. आरक्षणाच्या प्रश्नाची चर्चा हा या लेखाचा विषय नाही. परंतु ज्या कागदावर सामान्य कुटुंबाचा हक्क अवलंबून आहे तो कागद वाचता न येणारे इतिहासाचे पदवीधर आपण वर्षानुवर्षे बाहेर पाठविले, हे मान्य करावे लागेल. एके काळी ज्या शहरातून 'उर्दू' त्रैमासिक निघत होते, तेथे ही स्थिती यावी हे खेदजनक आहे.

नव्या आराखड्यातील अडचणी

आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यालाच चौथ्या वर्षी संशोधनाचा पर्याय आहे व त्यातील संशोधन प्रकल्पाला १२ श्रेयांक आहेत. शिवाय विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम अध्यापक हवेत. ग्रामीण महाविद्यालयांत इतिहासाचा एकच अध्यापक असतो, कित्येकदा तोही तासिका तत्त्वावर. एम.फिल. ही पदवी २०२२ च्या नियमावलीने बंद झाली; प्रस्तुत लेखकासारखे एम.फिल.धारक शिकवू शकतात, पण या तरतुदीत मार्गदर्शक म्हणून मोजले जात नाहीत. गुणांची अटही इतिहासाच्या दृष्टीने विचित्र आहे. ज्याच्या घरी आजोबांच्या पेटीत खासरापत्रक आणि मोडीतील खरेदीखत आहे, तो मुलगा बहुधा साठ टक्क्यांच्या आसपासचा असतो.

म्हणून चौथ्या वर्षाची वाट न पाहता उपलब्ध जागा वापरणे इष्ट ठरेल. राज्याच्या श्रेयांक-रचनेत कौशल्याधारित अभ्यासक्रमाला व क्षेत्र प्रकल्पाला स्थान आहे. प्रथम वर्षी मोडीची बाराखडी व सोपे वाचन, द्वितीय वर्षी स्वतःच्या गावातील एकाच दप्तराचा क्षेत्र प्रकल्प, असा क्रम लावता येईल. उर्दूसाठी त्याच महाविद्यालयातील किंवा शेजारच्या महाविद्यालयातील उर्दू विभागाचे साहाय्य घ्यावे. या शहरात ते सहज मिळण्यासारखे आहे. प्रकल्पाची एक प्रत ग्रंथालयात गाववार लावून ठेवावी, म्हणजे पुढील वर्षीचा विद्यार्थी तेथूनच पुढे काम सुरू करील. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ मध्ये प्रवेश घेतलेली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षात जाईल. त्यांपैकी ७५ टक्क्यांखाली राहणाऱ्यांना मूळ कागद पाहण्याची संधी मिळेल ती पहिल्या तीन वर्षांतच.