प्रवरेची माती, उपसागराचा तळ

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरीही ज्या गोदावरी खोऱ्यात या जिल्ह्याचा बराच भाग वसला आहे, त्याच्या हजारो वर्षांच्या पावसापाण्याचा एक अतिशय सलग पुरावा बंगालच्या उपसागराच्या तळाशी साठला आहे. रतनगडाच्या डोंगरात उगम पावणारी प्रवरा अकोले, संगमनेर, श्रीरामपूरची जमीन धुवत नेवासे तालुक्यात प्रवरासंगमला गोदावरीत मिसळते. तिथून हजाराहून अधिक किलोमीटर वाहत गेलेला गाळ आंध्रच्या किनाऱ्यापुढे समुद्रात बसतो, थरावर थर.

2006 मध्ये भारताच्या राष्ट्रीय गॅस हायड्रेट मोहिमेतील ‘जोइडिस रिझोल्यूशन’ हे जहाज कृष्णा-गोदावरी खोऱ्यासमोर उभे होते. शोध इंधनाचा होता. पण सव्वा किलोमीटर खोल पाण्याखालून नळीत वर आलेल्या गाळाच्या एका स्तंभाकडे हवामानाच्या अभ्यासकांचे लक्ष गेले. त्याच्या वरच्या साडेआठ मीटरांत सुमारे अकरा हजार वर्षे मावली होती. अमेरिकेतील वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेचे कॅमिलो पोंटन, लिव्ह्यू जोसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुरावनस्पतींचे अभ्यासक डोरियन फुलर हेही त्यात होते.

चिखलाच्या कोणत्या थराचे वय किती, हे ठरवणे हा या साऱ्या कामाचा कणा. वरवर पाहता उपाय सोपा वाटतो: चिखलातल्या सेंद्रिय द्रव्यातला कार्बन-14 मोजायचा. त्याचे अर्धायुष्य 5730 वर्षे. जितका कमी उरला, तितका नमुना जुना. पण नदीने आणलेले पानांचे आणि मुळांचे अवशेष समुद्रात पोचण्याआधी शेकडो, कधी हजारो वर्षे जमिनीत पडून असतात. त्यांचे वय थराला लावले तर थर उगाच म्हातारा ठरतो. म्हणून शास्त्रज्ञ फोरॅमिनिफेरा शोधतात. हे समुद्राच्या वरच्या पाण्यात तरंगणारे एकपेशीय जीव. वाळूच्या कणाएवढे चुन्याचे कवच घडवतात, काही आठवड्यांत मरतात आणि कवच तळाशी जाते. गाळ चाळून, सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने ही कवचे एकेक करून निवडावी लागतात. मग आम्लात विरघळवून त्यांतला कार्बन वेगळा काढतात आणि त्याचे अणू मोजतात. कामाला कमालीची चिकाटी लागते.

इतके करूनही आकडा थेट वापरता येत नाही. समुद्राच्या पृष्ठभागावरच्या पाण्यात खालचे जुने पाणी मिसळत असल्यामुळे आजचे जिवंत कवचही सरासरी चारेकशे वर्षांचे दिसते. ती वजावट करावी लागते. शिवाय हवेतील कार्बन-14 चे प्रमाण काळानुसार बदलत आले आहे, त्याची दुरुस्ती वेगळी.

प्रवराकाठी हीच कालमापनाची पद्धत उपसागरातल्या या गाळाच्या कितीतरी आधी पोचली होती. संगमनेरजवळच्या जोर्वे येथे 1950-51 मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले आणि तिथल्या तांबड्या, काळ्या नक्षीच्या भांड्यांवरून एका अख्ख्या संस्कृतीला त्या गावाचे नाव मिळाले. नेवाशात 1954 पासून खोदकाम चालले. सुरुवातीला वय ठरे ते थरांच्या क्रमावरून आणि खापरांवरून. पुढे नेवाशाचा कोळसा अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गेला. 1960 च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतच कार्बन-14 ची मोजणी होऊ लागली आणि ताम्रपाषाणयुगीन दख्खनला स्वतःच्या तारखा मिळत गेल्या.

श्रीरामपूर तालुक्यातले दायमाबाद या तारखांत सर्वांत मोठा पल्ला गाठते. ब्राँझचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा 1974 मध्ये इथेच एका शेतकऱ्याला सापडले. वस्ती इ.स.पू. सुमारे 2200 ते 1000. नंतर गाव ओस पडले आणि त्याच सुमारास प्रवरेच्या, गोदावरीच्या काठची इतर अनेक गावेही. म. के. ढवळीकरांनी शेजारच्या पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननावरून याचे कारण वाढत्या कोरडेपणात शोधले.

उपसागराचा गाळ इथे साक्षीला येतो. पानांवरच्या मेणाचे रेणू गाळात टिकून राहतात आणि त्यांतल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून खोऱ्यात झाडी अधिक होती की कोरडेपणा सोसणारे गवत, हे कळते. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून सतराशे वर्षांपूर्वीपर्यंत कोरड्या हवेतली वनस्पती हळूहळू वाढत गेली. म्हणजे दायमाबाद भरभराटीला आले ते पाऊस आधीच ओसरू लागला असताना. सातू, मसूर, कुळीथ पिकवणारी ही माणसे कोरड्या होत जाणाऱ्या मुलुखातच स्थिरावली. एखाद्या मोठ्या अवर्षणाने सारे संपवले, ही गोष्ट त्यामुळे अपुरी वाटते. 1972 सारखा एक दुष्काळ तर अशा गाळात वेगळा दिसणारही नाही. एकेका नमुन्यात अनेक वर्षे एकत्र झालेली असतात.

2017 मध्ये जोसान यांच्या गटाने त्याच स्तंभातून आणखी एक गोष्ट काढली, आणि जिल्ह्याच्या दृष्टीने तीच जास्त मोलाची. निओडिमियमच्या समस्थानिकांवरून गाळ दख्खनच्या काळ्या खडकाचा की खालच्या अंगाच्या जुन्या खडकांचा, हे ओळखता येते. त्यावरून दिसले की पाऊस कमी झाला तसा मातीचा ऱ्हास उलट वाढला, कारण झाडोरा विरळ झाला होता. पुढे शेतीच्या प्रसाराने, विशेषतः लोहयुगात, त्यात भर पडली. ज्या जुन्या कार्बनमुळे थराचे वय चुकते, त्याचाही इथे उपयोग झाला. जमिनीवरून आलेला कार्बन कवचांच्या तुलनेत उत्तरोत्तर म्हातारा होत गेलेला दिसला, म्हणजे नदी अधिकाधिक जुनी माती उचलून नेत होती.

1976 मध्ये जायकवाडी धरण पूर्ण झाल्यापासून प्रवरेचा बराच गाळ त्याच्या नाथसागर जलाशयातच अडतो. इतक्या अलीकडच्या गाळाच्या वयासाठी कार्बन-14 निरुपयोगी. तिथे सुमारे 22 वर्षे अर्धायुष्याचे शिसे-210 लागते. मेणाचा अर्थ लावतानाही सावध राहावे लागेल. ज्वारी-बाजरीप्रमाणे ऊसही कोरडेपणा सोसणाऱ्या गवतांच्याच गटातला आहे. 1950 नंतर लोणी-प्रवरानगरपासून पसरलेला, पाटाच्या पाण्यावर वाढलेला ऊस त्या गाळात कोरड्या माळरानासारखाच उमटेल.