न्हाणीतलं लाकूड, विमानातला चिकट

जुन्या मराठी घरात न्हाणीच्या वाट्याला लाकूड फारसं येत नसे. खाली दगडी फरशी, तांब्याचा बंब, घंगाळ. लाकडाचा एवढा एक पाट, तोही अंघोळ झाली की भिंतीशी उभा करून वाळवायचा. नाशिकच्या वाड्यांत सागवान होतं, पण ते खांब, तुळया आणि दारांत. तिथले जोड खाचेत कुसू बसवून, वरून खुंटी ठोकून केलेले. सरस लागायचा तो बारीकसारीक सामानाला. सरस म्हणजे हाडं-कातडी उकळून काढलेला चिकट. गरम पाण्यात तो विरघळतो, दमट हवेतही मऊ पडतो. तेव्हा बेसिनखाली लाकडी ओटा करायचं कोणाच्या मनातही आलं नसतं.

ते शक्य केलं विमानांनी, म्हणून ही कुळकथा नाशिकजवळच्या ओझरच्या नावाने सांगायची. ओझरचा कारखाना मिग-२१ या लढाऊ विमानासाठी उभा राहिला. त्यासाठी १९६३ मध्ये एरोनॉटिक्स इंडिया ही कंपनी निघाली आणि १९६४ मध्ये बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टशी एक होऊन आजची ‘एचएएल’ झाली. मिग धातूचं, पण विमानांच्या वंशात लाकूड फार मागे नाही.

पहिल्या महायुद्धातली लाकडी विमानं दुधातल्या केसीनच्या चिकटाने जोडलेली असत. ओल आली की त्याला बुरशी धरे. इंग्लंडमध्ये नॉर्मन डी ब्रुइन यांनी १९३७ मध्ये युरिया-फॉर्माल्डिहाइडचा ‘एरोलाइट’ आणला, आणि नोव्हेंबर १९४० मध्ये उडालेल्या प्लायवुडच्या ‘मॉस्किटो’ विमानातही पुढे केसीनऐवजी फॉर्माल्डिहाइडचे चिकट वापरले गेले. जर्मनीत कुर्ट टँक यांनी जवळपास त्याच नावाचं लाकडी लढाऊ विमान केलं, टीए-१५४ ‘मोस्किटो’. त्याची सारी भिस्त ‘टेगो-फिल्म’ या फिनॉलच्या चिकट पापुद्र्यावर. ब्रिटिश बॉम्बहल्ल्यात तो बनवणारा वुपर्टालचा कारखाना गेला, बदली आणलेला चिकट लाकडालाच खाऊ लागला आणि १९४४ मध्ये विमानं पडली. हेच टँक १९५६ मध्ये बंगळूरला आले आणि त्यांनी एचएएलसाठी ‘मारुत’ आखलं. त्याची आधी पूर्ण मापाची ग्लायडर-प्रतिकृती उडवून पाहिली, तीही लाकडाची. चिकटाने एवढा दगा दिल्यावरही!

टेगोचं फिनॉल-कूळ आज कुठल्याही प्लायवुडच्या दुकानात सापडतं. आयएस ७१० चा शिक्का असलेल्या मरीन प्लायचे थर फिनॉल-फॉर्माल्डिहाइडने जोडतात आणि नमुना ७२ तास पाण्यात उकळून पाहतात. पांढऱ्या चिकटाचा वंश वेगळा. पॉलिव्हिनाइल ॲसिटेट जर्मनीत १९१२ मध्ये सापडलं आणि भारतात १९५९ पासून ‘फेव्हिकॉल’ म्हणून घराघरांत गेलं. साधा फेव्हिकॉल पाण्याने फुगून सैल होतो. बेसिनजवळ त्याचा मरीन प्रकारच घ्यावा. तिसरं घराणं इपॉक्सीचं: स्विस रसायनज्ञ पिएर कास्तान यांच्या कामातून सीबा कंपनीने १९४६ मध्ये आणलेलं ‘ॲराल्डाइट’. गंमत म्हणजे २०२० पासून भारतात फेव्हिकॉल आणि ॲराल्डाइट दोन्ही पिडिलाइटच्याच घरात नांदतात.

सागाला जोड देताना मी इपॉक्सी निवडीन, पण साग स्वतः तेलकट असतो. रंधा किंवा पॉलिश पेपर मारून, थिनरने पुसून लगेच चिकट लावला नाही, तर तो लाकडाऐवजी तेलालाच धरतो. दुसरी चूक शिकंजा फार आवळण्याची. त्याने इपॉक्सी पिळून बाहेर येते आणि जोड कोरडा राहतो.

वरच्या लेपाची कथा जास्त देशी आहे. लाखेची चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाने घासायचं पॉलिश दिसतं राजस, पण ओला पेला ठेवला की पांढरं कडं उमटतं. जवसाचं उकळलेलं तेल, पेंटरांचं बेलतेल, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. त्याच कारणाने तेलाचे बोळे गोळा करून ठेवले तर आपोआप पेटतात. ते पसरून वाळवावेत. पॉलियुरेथेन, म्हणजे कारागिरांचं ‘पीयू’, ओटो बायर यांनी १९३७ मध्ये शोधलेल्या रसायनातून आलं. ते पाणी उत्तम अडवतं, पण एकदा चीर पडली की पाणी आत शिरतं, लाकूड काळं पडतं आणि अख्खा लेप खरवडावा लागतो. तेलाचा ओटा मात्र घरच्या घरी घासून पुन्हा तेलवता येतो. जेवणघराबाहेरच्या हात धुण्याच्या बेसिनला म्हणूनच मी तेल घेईन, आणि जिथे शिंतोडे जास्त तिथे पीयू. बादली-तांब्याने अंघोळ होते तिथे ग्रॅनाइटच बरा.

ओझरचा उन्हाळा कोरडा, पावसाळा दमट. लाकूड वैशाखात आक्रसतं आणि श्रावणात फुगतं. वरून लेपाचे चार हात देऊन खालून कोरा ठेवलेला ओटा या हवेत वाकतोच. जेवढे हात वर तेवढेच खाली द्यायचे. नळासाठी आणि बेसिनसाठी पाडलेल्या भोकांच्या कडांना लाकडाचे तंतू आडवे कापले जातात, पाणी तिथूनच सर्वांत जास्त शोषलं जातं. तिथे पातळ इपॉक्सी ब्रशने दोनदा पाजावी, मगच बेसिन बसवून सिलिकॉन भरावं.