गोष्टीचे पहिले वाक्य

माझ्या एका कादंबरीचे पहिले वाक्य मी सतरा वेळा खोडले. पुढची तीन प्रकरणे मात्र सरळ उतरली. हे दुखणे आपल्या वाङ्मयात तसे अलीकडचे.

आजीची कहाणी आटपाट नगरापासून सुरू होई. ऐकणाऱ्यांच्या मुठीत अक्षता असत. कहाणी पुरी होईपर्यंत उठावयाचे कोणी? श्रोता धरून ठेवण्याची आजीला काळजीच नव्हती. जिच्या नावावरून आपण सगळ्याच कादंबऱ्यांना कादंबरी म्हणतो, ती सातव्या शतकातील बाणभट्टाची 'कादंबरी' पाहा. आरंभीचे श्लोक संपले की गद्य सुरू होते ते 'होता' या अर्थाच्या क्रियापदाने. कोण होता? मग विशेषणांमागून विशेषणे, उपमांमागून उपमा, आणि शूद्रक राजाचे नाव अगदी शेवटी! पंडितांनी या लांबणीला नावे ठेवोत. मला तर त्यात अस्सल गोष्टीवेल्हाळाचा डाव दिसतो.

छापखाना आला आणि वाचक मोकळा झाला. पुस्तक मिटले की संपले. शिवाय सांगावयाचेही बदलले. १८५७ साली बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले. त्यातील यमुना नवऱ्याबरोबर प्रवासास निघते आणि वाटेत तिला विधवांची दुःखे दिसतात. विषय केवढा जिव्हाळ्याचा! पण वाचक प्रवाशासारखा बाहेरून पाहतो, हळहळतो आणि पुढे जातो.

१८९० साली हरिभाऊ आपट्यांनी पुण्यात 'करमणूक' साप्ताहिक काढले. तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. त्यातूनच 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः येऊ लागली. येथे यमू स्वतःच आपली हकीकत सांगते, आणि तीही कोठून? लहानपणच्या आठवणींपासून! वैधव्य, केशवपन, सासरचा छळ हे सारे पुढचे. आधी एका पोरीशी आपली ओळख होते, ती आपल्याला आवडू लागते, मग तिच्यावर आभाळ कोसळते. त्या काळच्या घरांत तिच्याएवढ्या विधवा काय थोड्या होत्या? माजघरात त्यांना तोंड उघडण्याची सोय नव्हती. छापील पानावर त्यांच्यातली एक 'मी' म्हणून बोलू लागली आणि घरातल्या कर्त्या पुरुषांना अंक उघडून तिचे ऐकावे लागले. त्यातून पुढचा मजकूर पुढच्या अंकात. म्हणजे हरिभाऊंना वाचक दर आठवड्याला नव्याने धरावयाचा होता. शाळेत मी मुलांना सांगतो, निबंधाची सुरुवात व्याख्येने करू नका, माणसाने करा. मुले अर्थात व्याख्याच लिहितात!

पुढे १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंक काढला आणि प्रथा पडली. एकाच अंकात अनेक लेखक. आता वाक्याची स्पर्धा शेजारच्या पानावरील वाक्याशी, आणि वाचकाच्या एका हातात चकली.